घाटा निवण्याआधी

गच्चीवर ओली लुगडी अंथरून झाली होती, मोठ्या पातेल्यात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा शिजून दाट झाला होता, आणि तो थापायला एकही बाई आली नव्हती. पुष्पाबाईंनी चुलीतली लाकडे मागे ओढली आणि पातेल्यावर परात झाकली. घाटा ऊन आहे तोवरच थापला जातो. निवला की त्याचा गोळा होतो आणि मग तो गुरांपुढे ठेवण्याच्याच लायकीचा उरतो. एकटीच्या हाताने त्यातला पाव हिस्साही झाला नसता.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक डिंपल माहेरी येणार होती, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. सुरतेला परतताना तिच्यासोबत आईकडच्या बिबड्यांचा डबा गेला नाही, तर त्याचा अर्थ तिच्या सासरची माणसे कुणालाही न विचारता लावणार होती.

अमळनेरच्या त्या गल्लीत बिबड्यांचे बोलावणे करण्याची रीत नव्हती. घाट्याचा वास सुटला की बायका हातातले काम टाकून त्या घराकडे निघत. आज वास सुटून ऊन जिन्यापर्यंत आले होते आणि समोरच्या ओट्यावर बेबाबाई संथपणे गहू निवडत बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, म्हणून बाकीच्याही उठल्या नव्हत्या.

पुष्पाबाई हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी वाचन बंद केले, तेव्हा पुण्याच्या मुलाने, तेजसने, त्यांच्या फोनवर आत्मविकासाची ऑडिओबुके भरून दिली. ती कशी वाटली, हे त्याने काल फोनवर विचारले होते. "खरं सांग हं, आई. माझी भीड धरू नकोस."

"पहिल्या दहा मिनिटांत संपतं ते सहा तास सांगतात," पुष्पाबाई म्हणाल्या होत्या. "प्रत्येक उदाहरणातला माणूस आधी कफल्लक असतो, मग कंपनी काढतो. मधल्या काळात त्याला भाकरी कोण थापून घालत होतं, त्याचा उल्लेख एकाही पुस्तकात नाही. आणि वाचणाऱ्याचा आवाज असा, की या गृहस्थाला जन्मात कुणी मध्येच थांबवलेलं नसावं."

"मग ऐकतेस कशाला?"

"डॉक्टरांनी वाचायला बंदी केली आहे. चिडायला नाही."

इतके परखड मत देणाऱ्या पुष्पाबाईंनी एक गोष्ट मात्र मुलाला सांगितली नव्हती. त्या पुस्तकांपैकी एकातला नकारावरचा भाग त्यांनी दोनदा ऐकला होता. नकार देताना कारण देऊ नका, असे तो अखंड आवाज सांगत होता. कारण देणारा माणूस क्षमा मागत असतो. गेल्या आठवड्यात बेबाबाईंच्या घाट्याचा वास आला, तेव्हा पुष्पाबाई घरातच बसून राहिल्या. शेवटी बेबाबाई स्वतः दाराशी आल्या, हाताला घाटा तसाच. "मी येणार नाही," पुष्पाबाई म्हणाल्या आणि आज्ञेनुसार पुढे एक अक्षर उच्चारले नाही.

त्या दिवशी त्यांना फार मोकळे वाटले होते. वास्तविक पुस्तकाने त्यांना नवे काहीच शिकवले नव्हते. चार बायकांत उकिडवे बसून, सुनांच्या कागाळ्या ऐकत बिबडे थापणे आपल्या पायरीचे नाही, हे त्यांना वीस वर्षे वाटतच होते. वीस वर्षे वाटत होते आणि वीस वर्षे त्या जात होत्या. सहा तासांच्या त्या ग्रंथाने फक्त परवाना दिला होता.

पुष्पाबाई जिना उतरून रस्ता ओलांडून गेल्या.

"ये वं बाई," बेबाबाई सुपावरची नजर न काढता म्हणाल्या. "घाटा मस्त व्हयना दिखस. वास आठेपावत येस."

"अक्का, तुम्ही कुणीच आला नाहीत."

"नही उनूत." बेबाबाईंनी एक खडा वेचून रस्त्यावर टाकला. "कारन सांगू का तसंच ऱ्हाऊ दिऊ?"

पुष्पाबाई ओट्याच्या कडेला टेकल्या.

"तू नही म्हनी, त्यानं काहीच नही, माय. मोगरा बी दर सालले नही म्हनस. नेमका मना घाट्याना दिन तिनाकडे पाव्हना येतस, आनी सांजले त्या पाव्हना कोनलेच दिखतस नही." त्या हसल्या, मग हसू थांबले. "पन ती सांगस तरी. तू उभी ऱ्हायनी, नही म्हनी, नि दार लाई लिधं. खोटं बी चालतं वं. आम्ही काय तपासाले येनार व्हतूत?"

खरे कारण पुष्पाबाईंच्या ओठांशी होते. ते नेमके होते, व्याकरणशुद्ध होते, आणि ते या ओट्यावर एकदा उच्चारले की पुन्हा कधीही परत घेता आले नसते. 'सत्य' या विषयावरचे निबंध त्यांनी तीस वर्षे तपासले होते. पलीकडे गच्चीवर, परातीखाली, घाटा निवत होता.

"त्या दिवशी माझ्या अंगात ताप होता, अक्का," त्या म्हणाल्या.

बेबाबाईंनी सूप बाजूला ठेवले. गव्हाची धूळ पदराला पुसून त्यांनी आपला हात पुष्पाबाईंच्या कपाळावर ठेवला, आणि खरोखरीचा ताप पाहायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तो तिथे राहू दिला.

"आते नही शे," त्या म्हणाल्या.

मग गुडघ्यावर हात टेकून उठत त्यांनी गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असा आवाज काढला: "वं मोगरा! ज्योत्स्ना! चला वं बठ्ठ्या! बाईले ताप व्हता!"