गोल ठिपका

बुद्धप्रियाला बघायला माढ्याहून मंडळी तासभर आधीच आली, तेव्हा ती अंधाऱ्या खोलीत लेसरचा झोत मोजत होती. महागडं यंत्र न परवडल्यानं तिनं जुन्या वेबकॅमचं भिंग काढून वेल्डिंगची काळी काच लावली होती. आई हाका मारतेय तोवर मुलाची आईच आत शिरली. “हे काय गं?” “लेसरचा ठिपका गोल आहे का बघतेय. उजेड येतोय, दार लावा ना, काकू.” काकूंनी मुकाट्यानं दार लावलं. लॅपटॉपवर ठिपका उमटला. “लांबुळका हाय की!” “लेसर तिरका बसलाय. तो स्क्रू फिरवता?” काकू पदर खोचून स्क्रू फिरवू लागल्या. ठिपका भाकरीसारखा गोल झाला, तशी दोघींनी टाळी दिली. काकू बाहेर येताच मुलानं दबकत विचारलं, “कशी वाटली?” “मला लई आवडली. आता तिला तू आवडतोस का, ते बघ.”