विरी गेलेलं पीठ

रंगुबाईंची भाकरी कॅमेऱ्यापुढंच मोडली. परातीतून उचलून तळहातावर घेतली आणि मधोमध दोन तुकडे झाले. एक तव्यावर पडला, दुसरा चुलीपुढच्या राखेत.

कवठे येमाईत भाकरी म्हटलं की रंगुबाईंचंच नाव निघतं, म्हणून तर टीव्हीवाले पुण्याहून सरळ त्यांच्या दारात आले होते. पत्र्याच्या शेडमध्ये निम्मी आळी जमलेली. शेजारच्या ताईबाई सकाळपासून पुढची जागा धरून बसल्या होत्या. त्यांनी हळूच पदर तोंडाला लावला. येत्या बाजारापर्यंत ही बातमी गावभर होणार, यात रंगुबाईंना काही शंका राहिली नाही.

"कट," कार्यक्रमाच्या दिग्दर्शिका राजश्री म्हणाल्या. "काही हरकत नाही आजी. हे आपण काढून टाकू. टीव्हीवर दिसणारच नाही."

चूक कुठं झाली ते रंगुबाईंना पक्कं ठाऊक होतं. घरचं बाजरीचं पीठ कॅमेऱ्यात काळपट दिसतं म्हणून या लोकांनी शहरातून पाकिटातलं आणून परातीत ओतलं होतं. हात घातल्याबरोबर ते वाळूसारखं सुटं लागलं. तेव्हाच बोलायचं ना! पण एवढी माणसं बघतायत म्हटल्यावर माणसाला जरा चढतं. येईना का कसलंही पीठ आपल्या हाताखाली, असं त्यांना वाटलं. गर्वाचं घर खाली म्हणतात ते काय उगीच नाही.

सून मोनाली घरात जाऊन कालचं दळलेलं पीठ घेऊन आली. मग काय विचारता. भाकरी थापली, तव्यावर टाकून पाणी फिरवलं, उलथली, चुलीतल्या लाल आराला लावली आणि टम्म फुगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरावाला सम्राट मात्र सगळा वेळ रंगुबाईंचं तोंडच टिपत होता. आजी जरा हसा, आजी इकडं बघा.

"भाकरी काय तोंडानं थापत्यात व्हय?" रंगुबाई म्हणाल्या.

"मस्त झालं आजी," राजश्री म्हणाल्या. "चला, आवरा रे."

"पयलीबी दाखवणार न्हवं?"

"मोडलेली? छे हो, ती कोण दाखवतं?"

"मग दुसरीबी दाखवू नका."

राजश्रींना आधी ती थट्टा वाटली. मोनाली मात्र सासूला ओळखून होती. ती खाली वाकून म्हणाली, "आत्या, राहू द्या ना. लोक नावं ठेवतील."

"ठेवू द्यात." रंगुबाई राजश्रींकडं वळल्या. "बाई, तुमचा कार्यक्रम बघून शहरातली एखादी पोरगी भाकरी थापाय बसंल. तिच्या घरात हेच पाकिटाचं पीठ असंल, कवा दळलंय कुणाला ठावं. तिची मोडंल. माझी फुगल्याली बघून तिला वाटंल, आपल्या हातालाच वळण न्हाई. मग ती पुन्यांदा थापंल व्हय? तुम्ही तिला शिकवाय आलाय का माझी आरती कराय?"

राजश्रींनी घड्याळ पाहिलं. मग राखेतल्या तुकड्याकडं पाहिलं. "सम्राट, सुरू कर," त्या म्हणाल्या.

रंगुबाईंनी तो तुकडा उचलला, फुंकून राख उडवली आणि कॅमेऱ्यापुढं धरला. "ही माझ्याच हातची हाय. मोडली. पीठ लई दिस पडून ऱ्हायलं की त्याची विरी जाती. चिकटपणा म्हना. मग कोमट पाण्यानं भागत न्हाई, चांगलं उकळल्यालं पाणी लागतं. ते वतायचं, उलथन्यानं हालवायचं, झाकून ठेवायचं, आन् हाताला सोसंल तवा मळायचं." बोलता बोलता त्यांनी पाकिटातल्या पिठावर उकळतं पाणी ओतलं आणि वर ताट झाकलं.

तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्या थांबल्या नाहीत.

"ही माझी सून. दौंडची, रेल्वे कॉलनीत वाढल्याली. नवी आली तवा हिच्या भाकऱ्या मोडायच्या. मी वर्षभर हिच्या आईचा उद्धार केला. डब्यातलं पीठ महिन्याचं जुनं, आन् ते मीच दळून आणल्यालं. मला ठावं व्हतं. पिठाला न्हाई बोलले, पोरीला बोलले."

मोनाली चुलीकडं बघत राहिली. ताईबाईंचा पदर तोंडावरून कधी खाली आला ते त्यांनाही कळलं नाही.

"आजी," राजश्रींनी हळू आवाजात विचारलं, "हे ठेवायचं?"

"तेच आधी ठेवा."

मग रंगुबाई पाटावरून उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "बस," त्या मोनालीला म्हणाल्या. "तिसरी तू थाप. ह्याच पिठाची."

मोनाली बसली. पहिल्यांदा ती कॅमेऱ्याकडं बघत बघत पीठ मळत होती. मग गोळा मऊ होत गेला तशी ती त्याला विसरली. गोळा परातीत ठेवून ती थापू लागली, आणि भाकरी तिच्या हाताखाली फिरत मोठी होत गेली. कडेला कुठं चीर नाही. तिनं ती उचलली. ताईबाई मान लांब करून बघत होत्या. भाकरी तळहातावर अख्खी राहिली, आणि अख्खीच तव्यावर गेली.

रंगुबाईंचे डोळे वाहायला लागले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. सम्राटनं चटकन कॅमेरा त्यांच्याकडं फिरवला.

"माझं तोंड काय घेतुयास, बाबा," त्या म्हणाल्या. "हिचा हात घे."