भाल्याचं वय

कार्सिनेम आजी बाटिकच्या फडक्यात गुंडाळलेलं भाल्याचं पातं घेऊन जावातल्या सोलो शहराच्या संग्रहालयात माझ्याकडे आल्या. जुन्या शस्त्रांची पारख करणं हे तिथलं माझं काम. "आमच्या ह्यांचं आहे. दर गुरुवारी फुलं वाहते मी. किती जुनं आहे, तेवढं सांग पोरी."

मी भिंग लावलं. पात्याच्या बुडाशी बोल्टचं अर्धं छिद्र होतं. हे ट्रकच्या पाट्याचं पोलाद, म्हणजे चाकावर ट्रकचा भार तोलून धरणाऱ्या स्प्रिंगच्या पट्टीचं. फार तर पन्नास वर्षांचं. पण फुलांचे सुकलेले डाग दिसले आणि खरं सांगायला जीभ रेटेना.

"खूप जुनं आहे, आजी. दोनशे वर्षं तरी."

आजींनी पातं बाजूला सारलं. "म्हणजे गावच खरं म्हणायचं. लग्नात हे म्हणाले होते, तुझ्यासाठी मी स्वतः घडवलाय. लोक हसले. ट्रक चालवणारा कसला भाला घडवतोय, कुठल्या तरी थडग्यावरून उचलला असेल, म्हणाले."

मी भिंग त्यांच्या हातात दिलं. "आजी, मी खोटं बोलले. हे बोल्टचं छिद्र बघा. हा ट्रकच्या पाट्यातूनच घडवलाय."

आजींनी भिंग छिद्रावर धरलं. मग खांद्यावरच्या शेल्याने डोळे पुसत हसल्या.

"तरीच! लग्नाच्या वर्षी ह्यांचा ट्रक एका अंगाला कलायचा."