ओसरीवरचा फौजी

सत्यमची फौजेतली नोकरी म्हणजे रबरी रणगाड्यांत हवा भरायची. दुश्मनाला ते वरून खरे वाटले पाहिजेत, म्हणजे बॉम्ब त्यांच्यावर पडतात आणि खरे रणगाडे झाडीत सुखरूप राहतात. ही गोष्ट बाहेर बोलायची नसते. त्यामुळं दिंद्रुडला घरी सगळे समजत, आपला सत्यम रणगाडा चालवतो.

मधेच आठ दिवसांची सुट्टी मिळाली, म्हणून तो न कळवता गावी आला. आईवडील ऊसतोडीवरून अजून परतले नव्हते, दाराला कुलूप होतं. आणि ओसरीवर रस्त्याकडं तोंड करून, खुर्चीत तो स्वतःच बसलेला होता. त्याच्या जुन्या वर्दीत कडबा ठासलेला, डोक्याच्या जागी मडकं, मडक्यावर टोपी, पायात बूट. घरात फौजी बसलाय म्हटल्यावर चोर कशाला फिरकतोय. सत्यमनं कामाच्या सवयीनं नीट तपासलं. मान जरा जास्तच ताठ होती, पण रस्त्यावरून आपणही फसलो असतो.

तेवढ्यात म्हातारे त्रिंबकतात्या रस्त्यानं आले. सत्यमनं रामराम केला, तसे ते थबकले.

"दिवाळीपास्नं रोज रामराम घालतो मी तुला," तात्या म्हणाले. "आज कुठं तोंड उघडलंस."

सत्यमनं आईला फोन लावला. आता मी आलोय, तर हे बुजगावणं काढून ठेवू का, म्हणून विचारलं.



"नको काढू, लेकरा," आई म्हणाली. "तू आठ दिसांनी जाशील. घरी त्योच असतो."