पुढची रांग

इंगवले सुभेदारांनी शिट्टी वाजवली, तरी पुढची रांग हलली नाही. त्या रांगेत बावीस मुलं होती आणि सगळ्यांत मोठी कुमुद अकरा वर्षांची होती.

मुलांना युद्धापासून वाचवण्यासाठी झालेल्या तहानंतर बनलेली प्रत्येक बंदूक समोर लहान मूल दिसलं की आपोआप बंद पडायची. म्हणून सैन्याने शाळांतून मुलं उचलली. मुलं पुढे चालायची आणि त्यांच्या आडून जवान शत्रूच्या खंदकापर्यंत पोचायचे. बंदुकांना दुरूनही मूल ओळखू यावं म्हणून सुभेदार रोज सकाळी स्वतः मुलांची तोंडं पुसत, भांग पाडत.

“पाय उचला,” सुभेदार म्हणाले.

“नाही,” कुमुद म्हणाली. “काल त्या खंदकात तुम्ही काय केलंत ते आम्ही पाहिलंय.”

सुभेदारांनी तिच्यावर पिस्तूल रोखलं. पिस्तुलावरचा हिरवा दिवा लगेच विझला.

“तुमचंही चालत नाही, सर.”

तिने हाताने केस विस्कटले आणि ती मागे वळली. बावीसही मुलं जवानांच्या मधून वाट काढत गावाकडे निघाली. मोकळ्या माळावर आता फक्त मोठी माणसं उरली. समोरच्या टेकडीवर बंदुकांचे हिरवे दिवे एकेक करून लागू लागले.

“थांब, पोरी,” सुभेदार मागून ओरडले. “ते आम्हाला मारतील.”

कुमुद थांबली. तिने मुलांना शत्रूकडे पाठ करून एका ओळीत उभं केलं आणि गावाच्या वाटेकडे बोट दाखवलं.

“बंदुका इथेच टाका,” ती म्हणाली, “आणि आमच्या पुढे चाला.”