हेस्टरच्या पाच माश्या

समजा, इवल्याशा गळावर रेशमी दोरा आणि तित्तिराचं मऊ पीस गुंडाळून तुम्ही ट्राउट माशाला फसवणारी खोटी माशी बांधली आहे. हेस्टरने तशा पाच बांधल्या होत्या. सुट्टीचा शेवटचा दिवस होता, आणि स्वतःच्या माशीवर एक तरी मासा धरल्याशिवाय तिला लीड्सला परत जायचं नव्हतं.

"पिसाचे दोनच वेढे दे म्हटलं होतं ना?" तिचे आजोबा म्हणाले. "ही माशी आहे की कोंबडी?"

"दोन वेढ्यांत ती उपाशी दिसते, आजोबा!"

दुपारपर्यंत व्हार्फ नदीतला एकही मासा तिच्याकडे फिरकला नाही. मग माशी काठावरच्या झाडात अडकली. ओढून काढली, तर निम्मं पीस फांदीलाच राहिलं. रडवेल्या तोंडाने हेस्टरने ती तशीच पाण्यात टाकली, आणि दोरी ताणली गेली. चांगला वीतभर ट्राउट!

"मी आठवडाभर घसा कोरडा केला," आजोबा हसत सुटले, "आणि या झाडाने एका झटक्यात शिकवलं!"

हेस्टरने मासा टोपलीत ठेवला, डबीतल्या उरलेल्या चार माश्या काढल्या आणि एकेक करून त्याच फांदीत अडकवून ओढायला लागली.