एकहाती

"एकहाती वापर आहे," गाडी विकणारे काका तिसऱ्यांदा म्हणाले, आणि तिसऱ्यांदाही तिच्याकडे न बघता तिच्या भावाकडे बघून.

गाडी घ्यायची होती तिला. पन्नाशीला टेकलेली, घरी शिवणकाम करणारी बाई. चार महिन्यांपूर्वी लायसन्स हातात आलं होतं, आणि तेव्हापासून पाच जुन्या गाड्या बघून झाल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी विकणारा भावाशीच बोलला. भावाला गाड्यांमधलं तिच्याइतकंच कळत होतं, पण तो टायरला लाथ मारून बघायचा, त्यामुळे लोकांना वाटायचं की कळतं.

तिचं मागणं मोठं नव्हतं. गणवेशांचे गठ्ठे घेऊन गावाबाहेरच्या शाळेकडे एकटीने जाताना गाडीने मध्येच मान टाकू नये, बस्स. पण हे मानायचं कुणाच्या शब्दावर? शपथेवर तर सगळेच सांगत.

"ही शेवटची हं, सुई," भाऊ येतानाच म्हणाला होता. लहानपणापासून टोचून बोलते म्हणून घरात तिचं हेच नाव. "नाही पटली तर हे खूळ सोडून दे. बसगाड्या काही बंद पडल्या नाहीत."

काका उंच, काठीसारखे सरळ. हातात एक जाड वही. भावाने काही विचारलं की ते वही उघडत, आणि वहीत नसलं की खोकत.

सुईला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने दार उघडलं आणि सीट बघितली. सीटच्या कव्हरची पुढची कड डाव्या बाजूला झिजून पांढरी पडली होती. क्लचपर्यंत पाय पोचावा म्हणून कुणीतरी वर्षानुवर्षं पुढे सरकून बसलं होतं. पाठीचा खळगाही असायला हवा त्यापेक्षा चांगला वीतभर खाली. तिने काकांना एकदा डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. टेप हातात घ्यायच्या आधी तिचं अर्धं माप असंच घेऊन व्हायचं.

मग तिने काकांना जरा आत बसून दाखवायला सांगितलं. काका वाकले, आत शिरले आणि अडकले. गुडघे स्टिअरिंगला, डोकं छताला.

"एकहाती आहे, पटलं," ती म्हणाली. "पण हात कुणाचा, काका? हे तुमच्या मापाचं नाही."

काकांनी सवयीने आधी भावाकडे बघितलं. भाऊ आभाळाकडे बघत होता. मग काकांनी पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं आणि आवाज उतरवून खरं सांगितलं. ते कधी गाडी चालवायला शिकलेच नाहीत. एकोणीस वर्षं बायकोने चालवली, ते शेजारी वही घेऊन बसले. आता तिच्या डोळ्यांचं निमित्त झालं, डॉक्टर नको म्हणाले. पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी अभिमानाने सांगितलं होतं की बायको चालवायची. त्यावर त्याने विचारलं, किती भिंतींना मिठ्या मारल्यात? ते आत तिला ऐकू गेलं. त्या दिवसापासून ती बाहेर येत नाही आणि काका म्हणतात, मी चालवायचो.

"काकूंना बोलवा," सुई म्हणाली. "मला त्यांनाच विचारायचंय."

काकू आल्या. ठेंगण्या, गोल, हात पदराला पुसत. सुईच्या चेहऱ्याजवळ येऊन त्यांनी तिला नीट बघून घेतलं.

"पहिलीच का गं?"

"पहिलीच."

"मग ऐक. दुसरा गिअर सकाळी रुसतो, जोर करायचा नाही, पुन्हा विचारायचं. मागची डावी काच खाली जाते, वर येत नाही. चढावर एकट्या हँडब्रेकवर विसंबू नकोस. आणि एकोणीस वर्षांत दोनदा रस्त्यात थांबली. दोन्ही वेळा पेट्रोल भरायला मी विसरले होते."

वहीत हे नव्हतं. काका खोकले. एवढे दोष म्हटल्यावर काही कमी करा, असं भाऊ काहीतरी सुरू करणार होता, पण सुईने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुन्हा टायरचा आसरा घेतला. जी बाई आधीच सांगून टाकते की माझा एक खांदा उतरलेला आहे, तिचे कपडे कधी उसवायला परत येत नाहीत, हे सुईला तीस वर्षं ठाऊक होतं.

"घेतली," ती म्हणाली.

किल्लीसाठी भावाने हात पुढे केला. काकूंनी ती सुईच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, एक फेरी मार, मी येते बरोबर. मागे बसायला दोघा पुरुषांपैकी कुणीच धजावलं नाही.

सुईने सीट दोन खाचा मागे घेतली. तिकडे काकूंना पट्टा सापडेना. त्या बाजूला त्या कधी बसल्याच नव्हत्या. फाटकाशी गाडी दोनदा बंद पडली. काकू समोर बघत स्वस्थ बसून राहिल्या. तिसऱ्यांदा गाडी रस्त्याला लागली.

पहिला चौक आला. काकूंचा उजवा पाय कामावर होता. पुढे कुणी आडवं आलं की तो पायाखालच्या रबरी चटईवर दाबला जाई, वाट मोकळी झाली की उचलला जाई. सुईने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. दुसऱ्या चौकात एक ट्रक अचानक वळला. तिने ब्रेक दाबला, गाडी थांबली, ट्रक निघून गेला. पहिला गिअर, मग दुसरा. रुसला. तिने पुन्हा विचारलं. पडला.

काकूंनी खाली वाकून चपला काढल्या, बाजूला सारल्या, आणि पाय वर घेऊन सीटवर ऐसपैस मांडी घातली.